आजोबांचा गोठा ठेवावा की उतरवावा?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भूम तालुक्यातल्या गावात आजोबांनी बांधलेला सात खणांचा माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा, गोठा आहे. पंधरा वर्षं तो रिकामा आहे आणि गेल्या पावसाळ्यात त्याचा एक कोपरा खचला. काका म्हणतात, लाकूड विकून पत्र्याचं शेड उभं करू. वडील काहीच बोलत नाहीत, विषय निघाला की उठून बाहेर जातात. तुम्ही पुण्यात नोकरीला आहात आणि विचारताय की असले गोठे वाचवता येतात का, आणि वाचवण्यात काही अर्थ आहे का.

माझे वडील सुतार होते, मीही तेच काम करतो. गेली तीस वर्षं मराठवाडा आणि सोलापूर भागात जुनी लाकडी बांधकामं दुरुस्त करणं, आणि दुरुस्त होण्यापलीकडची नीट उतरवणं, यावर माझं घर चाललं आहे. तेव्हा उत्तर जरा लांब होईल.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. एक बांधकामाचा आहे: हे लाकूड, ह्या भिंती, हे छत अजून उभं राहण्याच्या लायकीचं आहे का. दुसरा घरातला आहे: वडील ज्याच्यासाठी उठून बाहेर जातात, ते नेमकं काय आहे. पहिल्याचं उत्तर टोच्या, म्हणजे लाकूड टोचून बघायचं टोकदार हत्यार, घेऊन तासाभरात मिळतं. दुसऱ्याला वेळ लागतो, आणि लोक तो वेळ देत नाहीत म्हणून पहिल्याचं उत्तरही चुकतं. भांडण लाकडाच्या भावावर येऊन थांबतं आणि गोठा तसाच पावसात राहतो.

माझं उत्तर कशाकशावर अवलंबून आहे तेही सांगतो. लाकूड कोणतं आहे, सागवान, लिंब की बाभूळ. छतावर किती माती चढली आहे. भिंती दगड-मातीच्या आहेत की वरचा भाग कच्च्या विटांचा आहे. गोठा गावठाणात आहे की शेतात. आणि त्यावर नाव एकाचं आहे की चौघांचं. हे न पाहता ‘ठेवा’ किंवा ‘पाडा’ असं सांगणारा माणूस तुमचं नुकसान करेल.

आता गोठा कसा बांधलेला असतो ते आधी समजून घ्या, कारण तो का पडतो हे त्यातच आहे. खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, आमच्याकडे साधारण पाच हात, म्हणजे सात-साडेसात फूट. तळखडा म्हणजे खांबाखालचा दगड, त्यावर खांब उभा, खांबाच्या डोक्यावरचं कुसू, म्हणजे कोरून काढलेलं टोक, तुळईच्या भोकात बसवलेलं. तुळईवर कड्या, म्हणजे आडवी लाकडं, कड्यांवर किलच, म्हणजे लाकडाच्या बारीक चिपा, किंवा फळ्या, त्यावर लिंबाचा पाला नाहीतर तुरीच्या काड्यांचा थर, मग चिखल आणि सगळ्यांत वर पांढरी माती. आपण गावाला पांढरी आणि शेताला काळी म्हणतो ना, तीच ही पांढरी. जुन्या वस्तीच्या जागेची, पडलेल्या गढीची ही माती बारीक असते आणि पाणी खाली लवकर जाऊ देत नाही. खिळा क्वचितच दिसतो. बाहेरच्या दोन-अडीच फुटी भिंती दिसायला भक्कम असतात, पण छताचा भार बहुतेक ठिकाणी आतले खांब घेतात.

आत गव्हाण, तिच्यासमोर खुंट्यांची रांग, एका बाजूला औतं-तिफणी ठेवायला खण मोकळा, दारामागच्या कोनाड्यात दिवा. थंडीच्या रात्री जनावरांच्याच उबेनं गोठा गरम राहायचा आणि वैशाखात मातीच्या छताखाली बैल सावलीला शांत बसायचे. गोठ्यात बाज टाकून झोपणारा एक तरी माणूस प्रत्येक घरात होता. वऱ्हाडात याला कोठा म्हणतात, कोकणात बऱ्याच ठिकाणी गुरांचा वाडा म्हणतात. तिथे पावसाचा जोर वेगळा म्हणून छत उताराचं, आधी गवताचं नाहीतर नळीच्या कौलांचं, मग मंगलोरी कौलांचं. मंगळूरला बासेल मिशननं १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि तिथून ती कौलं किनाऱ्यानं वर आली. जुन्या कौलाच्या पाठीवर कारखान्याचा शिक्का असतो. गोठा कधी दुरुस्त झाला याचा अंदाज मला अनेकदा त्या शिक्क्यांवरूनच येतो. तुमच्याकडे कौलं नाहीत, पण खांबांवर खुणा असतील. त्यांच्याकडे नंतर येतो.

मग हे गोठे जाऊ का लागले? ‘लोकांना कदर राहिली नाही’ असं म्हणणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. ज्या घरांनी गोठे सोडले त्यांच्याइतकी कदर कुणालाच नव्हती. कारण साधं आहे, बैल गेले. ट्रॅक्टर भाड्यानं मिळायला लागला आणि वर्षातले थोडेच दिवस काम करणाऱ्या बैलजोडीला वर्षभर खाऊ घालणं परवडेना. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या मधल्या काळात देशातली देशी गाई-बैलांची संख्या सहा टक्क्यांनी घटली आणि संकरित जनावरं सत्तावीस टक्क्यांच्या आसपास वाढली. गोठ्याच्या दृष्टीनं यात सगळं आलं. देशी बैलाला तो ठेंगणा, अंधारा, उबदार गोठा चालत होता. होल्स्टीन किंवा जर्सी रक्ताच्या गाईला उष्णता सोसत नाही. तिला उंच छत आणि खेळती हवा लागते, कोंडलेल्या गोठ्यात मूत्राचा वास साचून तिला त्रास होतो. त्यामुळे तुमचे काका दुधाच्या गाई ठेवणार असतील, तर पत्र्याचं उंच शेड किंवा मुक्त गोठा मागण्यात त्यांचं काहीच चूक नाही. जुन्या गोठ्यात संकरित गाई कोंबून ‘वारसा जपला’ म्हणणं हा त्या जनावरांवर अन्याय आहे.

दुसरं कारण पिकाचं. ज्वारी कमी झाली तसा कडबा कमी झाला. पूर्वी दारापुढची कडब्याची गंज बघून घरची ऐपत ठरायची. सोयाबीन आलं, मळणीयंत्र आलं आणि गोठा, गंज, खळं ही एकमेकांना धरून असलेली तीन ठिकाणं एकेक करून रिकामी झाली. खळं सर्वांत आधी गेलं. मध्ये रोवलेला तिवडा, म्हणजे खुंट, आणि त्याभोवती फिरणारी बैलांची पाथ पाहिलेला माणूस आता चाळिशीच्या आतला सापडत नाही. धान्य साठवायची पेवंही तशीच गेली. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची पेवं होती. जमिनीत खोल, तोंड लहान, पोट मोठं, आणि एकदा बंद केली की आत हवा नाही म्हणून कीडही नाही. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. आत साठलेल्या कोंदट हवेनं माणूस मरतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तोंड बराच वेळ उघडं ठेवून आधी कंदील सोडून बघायचे. २००५ च्या कृष्णेच्या महापुरात त्यातल्या अनेक पेवांत पाणी शिरलं आणि ती निकामी झाली. पुढं २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तोवर ज्या पेवांनी ती हळद पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली त्यांतली कितीतरी बुजली होती. याचं मला फार वाईट वाटतं.

तिसरं कारण तुमच्या भागाला कुणी सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांत गणपती विसर्जन करून दमून झोपलेली हजारो माणसं दगड-मातीखाली गेली. त्यानंतर माळवद म्हणजे मृत्यू असं लोकांच्या मनात बसलं, आणि ज्यांनी ते पाहिलं त्यांना मी कधीच दोष देणार नाही. पण त्या ढिगाऱ्यांतून एक गोष्ट दिसली होती, ती सुतार म्हणून मला सांगावीशी वाटते. अनेक घरांत जाड भिंती बाहेर-आत कोसळल्या आणि मधला लाकडी सांगाडा उभा राहिला. भिंतीला मधून बांधून घेणारे आरपार दगड नव्हते, आतलं-बाहेरचं अस्तर सुटं होतं, छतावर माती प्रमाणाबाहेर होती. तुमच्या गोठ्याचा विचार करताना हे विसरू नका. लाकडाइतकंच भिंतींकडे आणि वरच्या मातीकडेही बघा.

मातीचं वजन किती असतं याचा लोकांना अंदाज नसतो. दरवर्षी मृगाच्या आधी माळवदावर नवी माती टाकायची पद्धत होती, पण जुनी काढायची मात्र कुणी तसदी घेत नसे. सत्तर-ऐंशी वर्षांत थर चढत जातो. एक फूट जाडीची माती धरली तर एका चौरस मीटरवर पाचशे किलोच्या आसपास वजन होतं, आणि ओली झाली की त्याहून जास्त. परंड्याकडचं एक छत मी उतरवलं होतं, त्यावर जवळपास दोन फूट माती निघाली. आपण गव्हाणीपाशी उभे असतो तेव्हा डोक्यावर प्रत्येक चौरस मीटरला एक टन घेऊन उभे असतो. त्या तुळया वाकल्या होत्या, तुटल्या नव्हत्या. बाभळीच्या होत्या.

रिकामा गोठा भरलेल्या गोठ्यापेक्षा कितीतरी लवकर पडतो. का, ते सांगतो. जनावरं होती तोवर रोज शेण निघायचं, झाडलोट व्हायची. संध्याकाळी डासांसाठी गोवऱ्यांचा धूर व्हायचा आणि तो धूर किलचांत मुरून किडीला दूर ठेवायचा. रात्री पाऊस आला की कुणीतरी खोरं घेऊन माळवदावर चढायचं, उंदराचं बीळ पायानं दाबायचं, पन्हळीत अडकलेला पाला काढायचा. जनावरं गेली की ही सगळी कामं एकाच दिवशी थांबतात. पहिल्या वर्षी माळवदावर गवत उगवतं. पुढे त्याच्या मुळांतून पाणी उतरतं, पाला कुजतो, किलच काळे पडतात. मग एक कडी मोडते, तिथून माती खाली येते, आणि तो ढीग खांबाच्या पायाशी ओला राहतो. आता वाळवीला तळखडा चढायची गरज उरत नाही, ती सरळ ढिगातून खांबात शिरते. तुमचा कोपरा खचला म्हणता, म्हणजे तुम्ही या टप्प्यावर आहात. इथून पुढे दोन-तीन पावसाळे, त्याहून जास्त नाही.

म्हणून आधी काय बघायचं ते सांगतो. एक जाड टोच्या किंवा मोठा पेचकस घ्या आणि एक लहान हातोडी. खांबाचा खालचा फूट-दीड फूट चारही बाजूंनी टोचा. टोक अर्ध्या इंचापलीकडे सहज जात असेल तर तो भाग गेला. हातोडीनं वाजवा, भरीव लाकडाचा आवाज टणक येतो, पोखरलेल्याचा भदभद येतो. मग तुळईची भिंतीत गेलेली टोकं बघा. मधली तुळई कशीही दिसू दे, ती मरते टोकाकडून, कारण भिंतीतली ओल तिथे असते आणि हवा नसते. तिसरी जागा भिंतीचा खालचा भाग. गोठ्याच्या भिंतीला वर्षानुवर्षं मूत्र लागतं, त्यातल्या क्षारांनी लोणा धरतो, दगडांमधली माती पिठासारखी झडते. कुणीतरी त्यावर सिमेंटचा गिलावा मारलेला असतो. तो दिसला तर समजा की ओल आत कोंडून राहिली आहे आणि भिंत आतून पोकळ होत चालली आहे. ही पाहणी करताना खचलेल्या कोपऱ्याखाली उभं राहू नका. आधी दोन बाजूंनी जाड बल्ल्यांचा टेकू द्या, मगच आत जा.

खांब खालून कुजलेले, पण वरून टणक असतील तर घाबरू नका. हे माझ्या कामातलं सगळ्यांत नेहमीचं दुखणं आहे. तुळईखाली जॅक लावून तिला केसभर उचलायचं, खांबाचा कुजलेला भाग कापून टाकायचा आणि तेवढ्याच उंचीचा दगडी तळखडा खाली घ्यायचा. खांब दीड फुटानं आखूड होतो, दगड दीड फुटानं उंच होतो, आणि वाळवीला चढायला अंतर वाढतं. माळवदावर मात्र सिमेंट-काँक्रीटचा थर टाकू नका. ‘गळती कायमची बंद’ म्हणून हे गावोगाव केलं जातं. वजन वाढतं, खालचं लाकूड कोंडतं, आणि पाचेक वर्षांत जे कोसळतं त्यातून काहीच हाती लागत नाही. माझा रिवाज उलटा आहे. सगळी माती उतरवायची, किलचांपर्यंत छत मोकळं करायचं, मोडकं बदलायचं, आणि वर लहान उतार देऊन हलके पत्रे घालायचे. आतून गोठा जसा होता तसा दिसतो, कड्या-किलच डोक्यावर राहतात, पण सांगाड्यावरचं ओझं कुठच्या कुठे कमी होतं. काही जाणकारांना पत्रा खटकतो. मला मातीखाली चिरडलेली तुळई जास्त खटकते.

एवढं करून गोठ्यात ठेवणार काय? हा प्रश्न सुटल्याशिवाय एक रुपयाही घालू नका, असं मी प्रत्येकाला सांगतो. नुसतं जपायचं म्हणून जपलेला गोठा दहा वर्षांत पुन्हा याच अवस्थेला येतो, कारण त्यात रोज पाय ठेवणारं कुणी नसतं. बियाणं आणि अवजारं ठेवायची जागा, शेळ्या, गांडूळखत, फवारणीचे पंप, पाहुण्यांची झोपायची सोय, काहीही चालेल. राज्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण आल्यापासून काही जण गोठ्याच्या खोल्या करून देतात. रस्ता चांगला असेल आणि घरातलं माणूस गावात राहणार असेल तर तो मार्ग बरा, नाहीतर नको. शेळ्यांसाठी मात्र जुना गोठा उत्तम, जमीन कोरडी ठेवली आणि समोरासमोर दोन झरोके मोठे केले की झालं. तुमच्या काकांना गाईच ठेवायच्या असतील तर त्यांचं शेड बाजूला होऊ द्या. रोजगार हमीतून गोठ्याला मदत मिळत आली आहे. २०२१ च्या शासन निर्णयात दोन ते सहा जनावरांच्या पक्क्या गोठ्याला ७७,१८८ रुपये धरले होते, ७.७ मीटर लांब, ३.५ मीटर रुंद, सोबत मूत्राची २५० लिटरची टाकी. आता काय नियम आहेत ते पंचायत समितीत विचारा. त्या आराखड्यातली मूत्राची टाकी मला फार पटते. आपल्या जुन्या गोठ्यांत तीच नव्हती, म्हणून भिंतींना लोणा लागला.

आता न बोललेली बाजू. पाहणीत निम्म्याहून जास्त खांब आणि तुळईची टोकं गेलेली निघाली, भिंत फुगलेली असली, आणि घरात वापरणारं कुणीच नसलं, तर उतरवा. मी पाहिलेल्या दहा गोठ्यांत सहा-सात वेळा मी हाच सल्ला दिला आहे, आणि देताना प्रत्येक वेळी जड गेलं आहे. पण उतरवणं आणि पाडणं यात फरक आहे. एका गावात मालकानं मला बोलावलं आणि मी पोचायच्या आदल्या दिवशी लाकूड घेणाऱ्यानं ट्रॅक्टरला दोर बांधून खांब ओढला होता. सगळं एकदम खाली बसलं. सागवानी तुळया शिरेत उभ्या चिरल्या, कुसं मोडली, आणि जे लाकूड दुसऱ्या घराला अजून शंभर वर्षं चाललं असतं ते सरपणाच्या भावानं गेलं. मालक तिथंच दगडावर बसून होता. आत कुणी नव्हतं हे नशीब.

उतरवायचं ते वरून खाली. आधी माती, दोन्ही बाजूंनी सारखी, एकच बाजू मोकळी केली तर सांगाडा कलतो. मग किलच, कड्या, तुळया, शेवटी खांब, आणि खांब काढेपर्यंत त्यांना तिरके टेकू. प्रत्येक लाकडावर खडूनं नव्हे, रंगानं क्रमांक, आणि तोच क्रमांक कागदावर काढलेल्या नकाशात. विकायचं असेल तर घनफुटाचा भाव दोन-तीन ठिकाणी विचारा, पण जो सगळा सांगाडा पुन्हा उभा करणार आहे अशा माणसाला द्यायचा प्रयत्न करा, मग भाव थोडा कमी आला तरी चालेल. सागवान गाडीत भरण्याआधी वनखात्याच्या जवळच्या कार्यालयात वाहतूक परवान्याचं विचारून घ्या. आणि ग्रामपंचायतीच्या नमुना आठला गोठ्याची नोंद कुणाच्या नावानं आहे ते पाडण्याआधी बघा. बांधकाम गेल्यावर जागेवरून भावाभावांत जे सुरू होतं ते मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे.

आता त्या खुणांकडे येतो. जुने सुतार सांगाडा आधी अंगणात जुळवून बघायचे आणि कोणतं कुसू कोणत्या भोकात ते कळावं म्हणून पटाशीनं दोन्हीकडे सारख्या खुणा करायचे. एक रेघ, दोन रेघा, एक फुली. खांब आणि तुळईच्या सांध्यापाशी विजेरी आडवी धरून पाहा, म्हणजे उजेड तिरका पडून खुणा उठून दिसतील. त्याच खांबावर कमरेच्या उंचीला दाव्यानं घासून पडलेली गोल खाच असेल, आणि तिच्या जरा वर बैल मान घासायचा तिथलं लाकूड आरशासारखं गुळगुळीत झालं असेल. हात फिरवून बघा. एका गोठ्यात मला चौकटीच्या आतल्या बाजूला हळदीचे पिवळे बोटांचे ठसे दिसले होते, एकावर एक, कितीतरी वर्षांचे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करायची, बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळायचं आणि हात चौकटीला पुसायचा. घरातल्या कुणालाच ते आठवत नव्हतं. मी म्हातारीला हाताला धरून आत नेलं आणि दाखवलं. त्यातला सगळ्यांत खालचा, लहान ठसा तिच्या थोरल्या मुलाचा असेल असं ती म्हणाली. तो गेला होता. ती चौकट त्यांनी विकली नाही, नव्या घराच्या मागच्या दाराला बसवली.

म्हणून वडिलांबद्दल सांगतो. त्यांना ‘ठेवायचा की पाडायचा’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ते देणार नाहीत. त्यांना गोठ्यात घेऊन जा, टेकू लावल्यावर, दुपारी उजेड आत येतो तेव्हा. विचारा की कोणत्या खुंट्याला कोण बांधलेलं असायचं. नावं, रंग, कोण मारकं होतं, कुठली जोडी कुठल्या बाजारातून आणली, १९७२ च्या दुष्काळात कोणती विकावी लागली. आमच्याकडे बहुतेक घरांत त्या वर्षी एखादी जोडी कवडीमोलानं गेली आहे आणि ते दुःख माणसं अजून बोलत नाहीत. ते बोलतील तसं लिहून घ्या, त्या त्या खुंट्याचा फोटो काढा, जमिनीवर दोरीनं मोजमाप घेऊन साधा नकाशा काढा. त्यात गव्हाण, कोनाडा, औतांचा खण, दार कोणत्या दिशेला, सगळं येऊ द्या. गोठा राहिला तरी हे लागेल आणि गेला तर याशिवाय काहीच उरणार नाही. काकांनाही बोलवा. शेड मागणारा माणूसही त्याच गोठ्यात दूध काढायला शिकलेला असतो.

थोडक्यात क्रम असा धरा: आधी टेकू आणि ताडपत्री, मग पाहणी, मग वडिलांसोबतची ती दुपार, आणि त्यानंतर चौघांनी बसून निर्णय. ताडपत्री मात्र मृगाच्या आधी पडली पाहिजे. खचलेल्या कोपऱ्यावरची सुटी माती हलक्या हातानं काढा, ताडपत्री भिंतीच्या बाहेर दोन फूट तरी जाऊ द्या आणि कडेला दगड ठेवण्याऐवजी दोरीनं ताणून खुंट्यांना बांधा, कारण दगडाचं वजन पुन्हा त्याच छतावर येतं. हा हजार-दोन हजारांचा खर्च तुम्हाला एक पावसाळा मिळवून देईल, आणि निर्णय घाईत घ्यावा लागणार नाही.

जमलं तर मला तीन फोटो पाठवा: खांबाचा पाय तळखड्यासकट, तुळईचं भिंतीत शिरणारं टोक, आणि खचलेला कोपरा आतून. लाकूड कोणतं आहे ते फोटोवरून कळेलच असं नाही, म्हणून एका कडीच्या टोकाला पटाशीनं नखाएवढी चीप काढून आतला रंग दिसेल असा चौथाही काढा.